टीबीच्या रुग्णाला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात की पोटभर जेवण?

प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांच्या धाकट्या भावाला, वय २६, फुफ्फुसाचा टीबी निघाला. उंची १६५ सेंटिमीटर. आजारापूर्वी वजन ५२ किलो होतं, औषधं सुरू झाली त्या दिवशी ४३ भरलं आणि आज पाच आठवड्यांनी साडेत्रेचाळीस आहे. कुणीतरी बाहेरून रक्त तपासून ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय, अँटिऑक्सिडंट कमी आहेत’ असा रिपोर्ट हातात दिला आणि महिन्याला २,४०० रुपयांच्या गोळ्या नि प्रोटीन पावडर सुचवली. आई म्हणते, औषधं उष्ण पडतात, म्हणून अंडी आणि शेंगदाणे बंद. घरात ताईंचा चार वर्षांचा मुलगाही आहे. त्या विचारतात: या गोळ्या घ्याव्यात का, आणि याला नेमकं खायला काय द्यावं?

ताई, दुकानातली ती डबी अजून उघडली नसेल तर परत करा. त्या २,४०० रुपयांचं काय करायचं ते पुढे सांगतो. मी तीस वर्षं छातीच्या आजारांवर उपचार करतोय, त्यातली बरीचशी सरकारी दवाखान्यात गेली. या प्रश्नाचं अर्धवट उत्तर मी स्वतः कितीतरी रुग्णांना दिलंय, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वजन. तो रिपोर्ट त्यामानाने किरकोळ आहे. ४३ किलो आणि १६५ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सोळाच्याही खाली, साधारण १५.८. साडेअठराच्या खाली आम्ही कुपोषण म्हणतो आणि सोळाच्या खाली तीव्र कुपोषण. तुमचा भाऊ नुसता बारीक झालेला नाही. त्याच्या शरीराने स्नायू जाळून आजवरचा खर्च भागवलाय. पाच आठवड्यांत वाढलेला अर्धा किलो मला पुरेसा वाटत नाही.

का, ते सांगतो. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ नावाचा मोठा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या टीबीचे २,८०० रुग्ण त्यात होते. त्या सगळ्यांना औषधांबरोबर दरमहा दहा किलोंची शिधापिशवी दिली: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. सोबत रोजच्या गरजेइतकी मल्टीव्हिटॅमिनची गोळी. या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे उपचाराच्या सुरुवातीला तुमच्या भावासारखेच सोळाच्या खालचे होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. आता, वजन वाढलं म्हणून माणूस वाचला की मुळात कमी आजारी होता म्हणून वजनही वाढलं, हे अशा आकड्यावरून पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण माझ्या ओपीडीत दोन महिन्यांनी ज्याचा काटा हलत नाही, त्याची फाईल मी आजही बाजूला काढून ठेवतो. औषधं नीट घेतली जात नाहीत का, जंतू औषधाला दाद देत नाही का, साखर वाढली आहे का, घरात खायलाच नाही का, हे सगळं त्या एका आकड्यामागे दडलेलं असू शकतं.

तुमच्या भावासाठी ४३ चे पाच टक्के म्हणजे दोन किलोंपेक्षा थोडं जास्त. दोन महिने पूर्ण होतील तेव्हा काटा ४५ च्या पुढे दिसायला हवा. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत.

आता त्या रिपोर्टकडे वळू. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनच्या जहाल रेणूंनी शरीरावर आलेला ताण, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे ते रेणू शमवणारे पदार्थ. त्यात लिहिलेलं खोटं नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. टीबीच्या रुग्णांचं रक्त तपासलं तर क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, झिंक, सेलेनियम आणि शरीर स्वतः बनवतं ते ग्लुटाथिऑन नावाचं अँटिऑक्सिडंट, हे सगळं निरोगी माणसापेक्षा कमी सापडतं. मेद सडल्यावर तयार होणारं मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं सापडतं. जगभरच्या अनेक अभ्यासांत हेच चित्र आलंय. उपचार सुरू झाल्यावर, जंतू मरू लागल्यावर आणि माणूस जेवू लागल्यावर यातले बरेचसे आकडे आपोआप सुधारतात. अ जीवनसत्त्वाचं आणखी एक आहे. शरीरात जळजळ, म्हणजे जंतूशी लढताना येणारी आतली सूज, चालू असताना ते वाहून नेणारं प्रथिनच रक्तात कमी होतं, त्यामुळे साठा असूनही आकडा कमी दिसतो. सुजेमुळे झिंकही रक्तातून यकृताकडे सरकतं. म्हणजे तो रिपोर्ट आजार आणि उपासमार या दोन्हींची सावली दाखवतो. सावलीवर औषध लावून माणूस बरा होत नाही.

यातली दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. जंतू फुफ्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्याच्यावर ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. ऑक्सिडेशन हे आपलं शस्त्र आहे. ज्या मुलांमध्ये जन्मतःच हे रेणू तयार करण्याची क्षमता नसते, त्यांना टीबी आणि बीसीजी लशीच्या जंतूचाही त्रास होतो. आणि टीबीचा जंतू या हल्ल्याला उघड्या अंगाने सामोरा जात नाही. त्याच्याकडे कॅटजी नावाचं एक एन्झाइम आहे, जे हे रेणू निकामी करतं. अँटिऑक्सिडंट त्याच्याकडेही आहेत! याच कॅटजीचा वापर करून आयसोनियाझिड ही टीबीची गोळी जंतूच्या पोटात गेल्यावर जागी होते आणि त्याला मारते. जंतूने कॅटजी टाकून दिलं की गोळी जागी होत नाही, आणि आयसोनियाझिडला दाद न देणारा टीबी बऱ्याचदा असाच तयार होतो.

क जीवनसत्त्वाचं उदाहरण तर अगदी उलटं आहे. २०१३ मध्ये प्रयोगशाळेत असं दिसलं की क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने टीबीचे जंतू मरतात. बातम्या आल्या आणि लोक लिंबू-आवळ्याच्या मागे लागले. पण त्या प्रयोगात क जीवनसत्त्वाने जंतू मारले ते लोहाबरोबर मिळून जहाल रेणू तयार करून. म्हणजे ते तिथे ऑक्सिडेशन वाढवत होतं, थांबवत नव्हतं. काचेच्या बशीतल्या त्या मात्रेचा आणि माणसाच्या फुफ्फुसाचा संबंध अजून लांबचा आहे.

याचा अर्थ अँटिऑक्सिडंट वाईट असतात असा नाही. जळजळ बेसुमार वाढली की फुफ्फुसाचं ऊतक जळतं, पोकळ्या पडतात आणि टीबी बरा झाल्यावरही दम लागणं उरतं. ते कमी कसं करता येईल यावर चांगलं काम चालू आहे. एन-असिटिलसिस्टीन नावाचं औषध, जे शरीराला ग्लुटाथिऑन बनवायला मदत करतं, ते टीबीच्या गोळ्यांमुळे यकृताला होणारी इजा टाळू शकेल का, हे इराणपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तपासलं गेलं. इराणमधल्या एका छोट्या अभ्यासात वयस्कर रुग्णांना फायदा दिसला. दक्षिण आफ्रिकेत यकृत बिघडलेल्या रुग्णांना ते दिलं, तर त्यांचे आकडे लवकर उतरले नाहीत. हा डॉक्टरांनी तपासून द्यायचा विषय आहे, काउंटरवरून उचलायचा नाही.

आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचं? ते वेगवेगळ्या देशांत करून पाहिलं गेलंय. इंडोनेशियात अ जीवनसत्त्व आणि झिंक दिल्यावर थुंकी लवकर स्वच्छ झाल्याचं २००२ मध्ये दिसलं आणि सगळ्यांना आशा वाटली. मग नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत तेच करून पाहिलं, तर फरक आढळला नाही. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांची भारतातल्या रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिथेही थुंकीतले जंतू लवकर गेले नाहीत. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने असे ३५ अभ्यास एकत्र तपासले. रोजच्या गरजेपेक्षा जास्त जीवनसत्त्वं सरसकट दिल्याने टीबीचा रुग्ण लवकर बरा होतो, याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. रोजच्या गरजेइतकी साधी मल्टीव्हिटॅमिनची गोळी, जेवण अपुरं असेल तेव्हा, मी देतो. ती सरकारी दवाखान्यातही मिळते. तेवढ्यासाठी २,४०० रुपये लागत नाहीत.

आणखी एक. त्या डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. ग्रीन टीचा अर्क लिहिला असेल तर ती भावाला अजिबात देऊ नका. कॅप्सूलमधला हा तीव्र अर्क यकृताला त्रास देऊ शकतो, हे माहीत असलेलं आहे. तुमच्या भावाच्या टीबीच्या चार औषधांपैकी तीन आधीच यकृतावर भार टाकतात, आणि कुपोषित माणसात तो धोका जास्त असतो. गुळवेलीच्या काढ्याबद्दलही हेच सांगेन. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत सुजलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आजी-आजोबांचा विश्वास मला कळतो, पण टीबीच्या गोळ्या चालू असेपर्यंत काढे बंद ठेवा. झिंक, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असलेल्या गोळ्यांचा वेगळा प्रश्न आहे. पुढेमागे औषध बदलून लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन द्यावं लागलं, तर हे धातू पोटातच त्या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट पोचत नाही. असा रुग्ण ‘ताकदीची गोळी’ टीबीच्या गोळीबरोबर गिळत असेल, तर त्याचा औषधाचा डोस नकळत कमी होतो. पित्तासाठी घेतलेलं अँटासिडही असंच आडवं येतं.

एक गोळी मात्र सोडायची नाही: पायरीडॉक्सिन, म्हणजे बी-६, रोज १० मिलिग्रॅम. आयसोनियाझिडमुळे हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि हातापायांना मुंग्या येतात. कुपोषित माणसाला, मधुमेही माणसाला, दारू पिणाऱ्याला, गरोदर बाईला ते आधी होतं. ती गोळी टीबीच्या औषधांबरोबर फुकट मिळते. भावाला ती मिळते आहे ना, हे आजच बघा.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक ऊसतोड कामगार माझ्याकडे आला. तिशीतला, वजन चाळीसच्या आत. औषधं सुरू केली आणि मी सवयीने कागदावर टॉनिक लिहिलं. तो दर पंधरा दिवसांनी बाटली घेऊन यायचा, काटा मात्र तिथेच. तिसऱ्या वेळी मी विचारलं, काल रात्री काय जेवलास? भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आणि परवा? तेच. टॉनिकसाठी त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि त्या उचलीपायी डाळ आणणं बंद झालं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक टीबीच्या रुग्णाला औषध लिहिण्याआधी काल काय खाल्लं हे विचारतो, आणि उत्तर केसपेपरवर लिहितो.

एक गैरसमज दुसऱ्या टोकाचाही आहे, तोही दूर करतो. फक्त खाण्याने टीबी बरा होत नाही. मद्रासमध्ये झालेल्या आणि १९५९ साली निकाल प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या चाचणीत काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, ठेवलं आणि काहींना घरी. सॅनेटोरियममध्ये दूध, अंडी, विश्रांती होती. घरी गरिबीचं जेवण आणि गर्दी. औषधं दोघांनाही दिली, आणि दोघेही जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. जंतू मारतात ते औषधं, हे त्यातून पक्कं ठरलं आणि घरच्या घरी उपचारांचा मार्ग खुला झाला. पण माझ्या मते त्याचा एक तोटा झाला: पुढची पन्नास वर्षं आम्ही डॉक्टर जेवणाबद्दल बोलायचंच विसरलो. गोळी जंतू मारते. नंतर माणूस कामावर उभा राहतो का, पुन्हा आजारी पडतो का, घरातल्या दुसऱ्याला टीबी होतो का, यात ताटाचा मोठा वाटा आहे.

आजारात खाल्लेलं अंगी का लागत नाही, हेही समजून घ्या, नाहीतर घरात भांडणं होतात. टीबीच्या जळजळीत शरीर खाल्लेलं प्रथिन स्नायू बांधायला वापरण्याऐवजी इंधनासारखं जाळतं. १९९८ मध्ये भारतीय रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हे मोजून दाखवलं गेलं. ताप आणि जळजळ ओसरली की ही अडचण सुटू लागते. बहुतेकांची भूक दोन-तीन आठवड्यांत परत येते, आणि ती भूक वाया जाऊ द्यायची नाही. सुरुवातीला वाढणारं वजन बरंचसं चरबीचं असतं, स्नायू मागून येतो. म्हणून ताप गेला आणि दम नसेल तर रोज थोडं चालायला लावा, हलकी घरकामं करू द्या. अंथरुणात पडून स्नायू तयार होत नाही.

किती खायचं? त्याच्या उंचीला साजेसं वजन ५७ किलोंच्या आसपास धरलं, तर रोज साधारण २,३०० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं. हे आकडे पाहून घाबरू नका, ताट करून दाखवतो. सकाळी उपाशीपोटी टीबीच्या गोळ्या, अर्ध्या-एक तासाने दोन अंडी आणि भाकरी किंवा पोहे, त्यात मूठभर शेंगदाणे. अंड्यांची बारा ग्रॅम प्रथिनं झाली. अकरा वाजता कपभर दूध आणि शेंगदाण्याचा लाडू. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यात अडीचशेच्या वर कॅलरी आणि जवळपास बारा ग्रॅम प्रथिनं असतात. इतकं स्वस्त औषध माझ्या माहितीत नाही. दुपारी दोन भाकऱ्या, घट्ट वरण, मटकीची किंवा चवळीची उसळ, वर चमचाभर तेल, कारळ्याची किंवा जवसाची चटणी. संध्याकाळी फुटाणे, पेरू. रात्री भात, पिठलं किंवा कुळथाची पिठी, शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी, आठवड्यातून दोन-तीनदा मासे, चिकन किंवा सुकट. सुक्या जवळ्यात प्रथिनं भरपूर असतात. मूठभर जवळा चटणीत घातला तरी काम होतं. वरण पातळ करून सगळ्यांना पुरवायची सवय आपल्याकडे आहे, त्याच्या वाटीत तरी डाळ खालून काढून घाला.

आणि तुम्हाला अँटिऑक्सिडंटच हवेत ना? मध्यम आकाराच्या एका पेरूत प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या दुपटीहून जास्त क जीवनसत्त्व असतं. आवळ्यात त्याहूनही जास्त. शेंगदाणे, तीळ, करडईचं तेल यांत ई जीवनसत्त्व. शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा यांत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल, तेलात परतून खाल्ला तर अंगी लागतो. झिंक अंड्यात, डाळीत, मटणात. सेलेनियम मासे आणि अंड्यांत. ती डबी आणि हे ताट यात ताट सगळ्या बाजूंनी सरस आहे, कारण त्यात कॅलरी आणि प्रथिनंही आहेत. ती जळजळ झेलणारं ग्लुटाथिऑन शरीर प्रथिनांपासूनच बनवतं, आणि प्रथिन मिळालं नाही तर बाकीचं सगळं पोकळ आहे.

आईंना हे जरूर वाचून दाखवा: लघवी, घाम, थुंकी केशरी होते ती रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाच्या रंगामुळे. ती उष्णता नव्हे. त्या रंगाला घाबरून अंडी, शेंगदाणे, गूळ बंद करून नुसता सब्जा आणि ताक चालू केलेली किती घरं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांतली मुलं वाळत गेलेली पाहिली आहेत. केळी, दही, संत्री कफ करतात म्हणून बंद, हेही सोडून द्या. पथ्य दोनच: दारू आणि तंबाखू-सिगारेट. पायराझिनामाइड या टीबीच्या औषधामुळे सांधे दुखतात आणि रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढतं. त्यासाठी कुणी डाळ-उसळ बंद करायला सांगितली तर ऐकू नका. औषधाचा तो परिणाम आहे, डॉक्टर वेदनाशामक देतील.

माशांबद्दल एक खबरदारी. बांगडा, तारली, कुपा असे मासे ताजे नसतील तर त्यांत हिस्टामिन साचतं, आणि आयसोनियाझिड घेणाऱ्याच्या शरीराला ते नीट मोडता येत नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद होणं, डोकं ठणकणं, धडधडणं असं होतं. लोकांना वाटतं औषधाची अ‍ॅलर्जी आली, आणि गोळ्या बंद करतात. ताजा मासा असेल तर खा, सुकवलेला किंवा संशयास्पद बांगडा या सहा महिन्यांत टाळा.

गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर जास्त चांगल्या शोषल्या जातात. पण उलटी होऊन बाहेर पडणारी गोळी कामाची नाही. मळमळ फार असेल तर डॉक्टरांना सांगून थोडा हलका नाश्ता करून घ्या. उलट्या थांबत नसतील, डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा जेवण नकोसं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून दवाखान्यात न्या. आपल्या मनाने पुन्हा चालू करू नका.

एवढ्या कमी वजनाच्या माणसाला एकदम दुप्पट-तिप्पट वाढू नका. अनेक दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की पोटॅशियम आणि फॉस्फेट घसरतं आणि हृदयावर येतं. आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पायांवर सूज असेल, उभं राहता येत नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर घरी प्रयोग नकोत, दाखल करा. साखर तपासली नसेल तर तपासा. मधुमेह निघाला तर लाडू आणि गूळ जातील, अंडी, डाळ, शेंगदाणे राहतील. हिमोग्लोबिन कमी आलं तर लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. टीबीतला रक्तक्षय बराचसा जळजळीचा असतो. शरीर मुद्दाम लोह लपवून ठेवतं, कारण जंतूला लोह हवं असतं. उपचारांबरोबर तो बऱ्याचदा सुधारतो. न सुधारला तर डॉक्टर ठरवतील.

आता पैशांचं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे येतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. उपचार खाजगी डॉक्टरकडे असले तरी हक्क आहे, फक्त नोंदणी झालेली हवी. पैसे आले नाहीत तर आधी खातं आधारशी जोडलंय का ते पाहा, मग तालुक्याच्या टीबी पर्यवेक्षकांना भेटा. निक्षय मित्रांकडून, म्हणजे रुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या व्यक्ती-संस्थांकडून, मिळणाऱ्या पोषण किटबद्दलही त्यांनाच विचारा. साडेअठराच्या खालच्या बीएमआयसाठी पहिल्या दोन महिन्यांत जादा ऊर्जेचा पूरक आहार देण्याची तरतूद आहे, तीही मागून घ्या. आणि डबीचे २,४०० रुपये वाचले तर तेवढ्यात चौघांना महिनाभर रोज एकेक अंडं, दोन-तीन किलो शेंगदाणे, तीन किलो तूरडाळ आणि तेलाची पिशवी सहज येते.

मुद्दाम चौघांना म्हटलं. एका रुग्णासाठी आलेला शिधा घरात एकट्याच्या ताटात कधीच जात नाही, आणि जाऊही नये. त्याच झारखंडच्या अभ्यासाचा दुसरा भाग रुग्णांच्या घरच्यांचा होता, दहा हजारांहून जास्त माणसं. ज्या घरांत घरच्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सोबत मल्टीव्हिटॅमिन दिलं, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं आणि थुंकीतून पसरणाऱ्या प्रकाराचं ४८ टक्क्यांनी. कुठलीही लस नव्हती, नवं औषध नव्हतं. मुख्यतः तांदूळ आणि डाळ होती.

तुमच्या घरात चार वर्षांचा मुलगा आहे. त्याची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना टीबी पटकन आणि गंभीर होतो. त्याला खोकला-ताप नसला, वजन वाढत असलं, तरी त्याला घेऊन जा. आजार नाही हे पक्कं झाल्यावर प्रतिबंधक औषध सुरू होईल, आणि तुम्हाला व आईंनाही.

पुढच्या सोमवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर भावाचं वजन करा आणि उपचाराच्या कार्डावर लिहा. मग दर सोमवारी. सध्या तो ३५ ते ४९ किलोंच्या गटात आहे आणि त्याला दिवसाला तीन गोळ्या असतील. पन्नासच्या पुढे गेला की डोस वाढवायचा का ते बघावं लागतं, म्हणून वजन आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगत राहा. दोन महिन्यांनी थुंकीची तपासणी असते, ती चुकवू नका. आणि त्याच काट्यावर आईंनाही उभं करा. तुमच्या पत्रात त्या काय जेवतात याचा उल्लेख नाही. माझ्या अनुभवात अशा घरातली आई सगळ्यात शेवटी बसते, आणि वरणाच्या पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते खाते. त्यांचं वजनही मला कळवा.